हप्ता संपलेल्या गाडीची वही

कर्जाचा शेवटचा हप्ता जून २०१७ मध्ये गेला, त्या दिवशी मी घरी पेढे नेले होते. पुढच्या महिन्यात चारही टायर बदलावे लागले, त्याच्या पुढच्या महिन्यात बॅटरी, आणि दसऱ्याला गाडी लिफ्टवर. बँकेचा हप्ता निदान पाच तारखेला जायचा. हे नवे हप्ते वाटेल तेव्हा येऊ लागले.

माझी गाडी २०१२ ची, एमएच ११, हजार सी.सी.च्या आतली पेट्रोल हॅचबॅक. नोकरी बँकेत झाली, तीही बरीचशी काउंटरवर, त्यामुळे संकट आलं की वही काढायची एवढंच मला येतं. ती वही कशी घालायची आणि तिच्या आधारे जुनी गाडी कशी चालवायची, त्याची ही कृती. आकडे माझ्या वहीतले, साताऱ्याच्या गॅरेजांचे आहेत. तुमच्या गावचे वेगळे निघतील, पण हिशेबाची रीत तीच.

साहित्य : दोनशे पानी वही. गाडीच्या कागदांची फाइल. टायरची हवा मोजायचं गेज. टॉर्च. पांढरी जुनी चादर. बँकेत एक वेगळं खातं. पहिल्या दिवशी अख्खा रविवार जाईल, नंतर महिन्याला अर्धा तास.

पायरी १ : आरसीवरून बँक उतरवा

कर्ज फिटलं म्हणजे गाडी आपोआप आपल्या नावावर मोकळी झाली असं नाही. आरसीवर बँकेचा बोजा तसाच असतो. बँकेकडून एनओसी आणि फॉर्म ३५ घ्यायचा, परिवहनच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा, फी भरायची, कागद आरटीओत द्यायचे. बोजा उतरला की विमा कंपनीला कळवून पॉलिसीवरूनही बँकेचं नाव काढायचं. हे दुसरं काम जवळजवळ सगळे विसरतात. उद्या गाडी चोरीला गेली तर दाव्याचे पैसे कोणाच्या नावे काढायचे, हा प्रश्न त्या ओळीपाशी अडतो.

मी स्वतः बँकेतली असूनही एनओसी तीन वर्षं कपाटात ठेवली होती. त्यावर मुदत असते हे इतरांना सांगितलं होतं, स्वतःला नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा हेलपाटे.

पायरी २ : मागची तीन वर्षं वहीत उतरवा

बिलं सापडतील तेवढी गोळा करा. डॅशबोर्डच्या खणात, सीटच्या मागच्या खिशात, यूपीआयच्या यादीत. रकाने पाडा : तारीख, किलोमीटर, काम, पार्टचे पैसे, मजुरीचे पैसे. यातला किलोमीटरचा रकाना सोडून बाकी सगळं लोक लिहितात, आणि खरा उपयोग त्याचाच असतो. क्लच बदलून किती दिवस झाले यापेक्षा किती किलोमीटर झाले ते महत्त्वाचं. उलट बॅटरी, कूलंट आणि ब्रेक ऑइल यांचं वय दिवसांत मोजायचं. गाडी उभी असली तरी ती म्हातारी होतात.

पायरी ३ : प्रत्येक खर्चाला त्याच्या आयुष्याने भागा

कृतीचा जीव इथे आहे, म्हणून इथे घाई नको. टायरचं बिल पाच वर्षांतून एकदा येतं, पण टायर रोज झिजत असतो. एका महिन्यात चौदा हजार गेले की घरात ‘गाडी विकून टाका’ सुरू होतं. पुढची चार वर्षं टायरवर शून्य खर्च झाला, तर त्याचं कौतुक कोणी करत नाही.

माझं पान असं दिसतं. थर्ड पार्टी विमा आणि मालक-चालकाचा अपघात विमा मिळून २,७५०. पीयूसी २५०. वर्षाची सर्व्हिस, म्हणजे इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि मजुरी, ३,५००. टायर १४,०००, भागिले पाच, २,८००. बॅटरी जुनी देऊन ४,०००, भागिले चार, १,०००. क्लचचा सेट मजुरीसह ८,०००. माझ्या वर्षाला सात हजार किलोमीटरच्या चालीने तो दहा वर्षं काढतो, म्हणून ८००. सस्पेन्शनची कामं तीन वर्षांत ६,०००, म्हणजे २,०००. ब्रेक पॅड आणि लायनर तीन वर्षांत २,४००, म्हणजे ८००. कूलंट आणि ब्रेक ऑइल दोन वर्षांनी १,२००, म्हणजे ६००. एसीचा गॅस आणि सफाई तीन वर्षांत २,४००, म्हणजे ८००. पंधराव्या वर्षीच्या कागदांसाठी १०,००० धरले, पाचाने भागून २,०००. बेरीज १७,३००.

त्याखाली आणखी एक ओळ : ‘देव जाणे’, ८,०००. अल्टरनेटर, रेडिएटर, पॉवर विंडोची मोटर, उंदराने कुरतडलेली वायर, सगळं या ओळीत. पहिल्या वर्षी मी ही ओळ घातली नव्हती, आणि त्याच वर्षी अल्टरनेटर गेला.

एकूण २५,३००. महिन्याला २,१०० रुपये. पेट्रोल यात नाही, ते नव्या गाडीलाही लागतंच.

पायरी ४ : हप्ता बंद करू नका

वेगळ्या खात्यात दर महिन्याला २,१०० वळते करा, ऑटो-डेबिटने. तारीख जुन्या हप्त्याचीच ठेवा, सवय असते. गाडीचं प्रत्येक बिल याच खात्यातून. मी २,५०० टाकते, कारण जुन्या गाडीला महागाई जरा जास्तच लागते.

पायरी ५ : महिन्यातला अर्धा तास

आदल्या रात्री गाडीखाली पांढरी चादर पसरा. सकाळी चादर वाचायची. काळा डाग इंजिन ऑइलचा. हिरवट किंवा गुलाबी, चिकट, तो कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूला फिकट तेलकट डाग दिसला, तर गाडी हलवू नका, ते ब्रेक ऑइल असू शकतं. नुसतं स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं, चहा प्यायला जा.

मग गाडी थंड असतानाच बॉनेट उघडा. ऑइलची पट्टी काढून पुसा, पुन्हा घाला, पुन्हा काढा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. कूलंटच्या टाकीवर खुणा असतात त्या पाहा. रेडिएटरचं झाकण गरम इंजिनावर उघडायचं नाही, हात भाजतो. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा. हवा गाडी न चालवता, थंड टायरमध्ये मोजा, आणि स्टेपनी विसरू नका. टायरच्या कडेला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे : ३२२१ म्हणजे २०२१ चा बत्तिसावा आठवडा. खाचा शाबूत असल्या तरी सहा-सात वर्षांच्या टायरवर माझा भरवसा नाही.

पावसाळ्याआधी एक जादा काम. पुढच्या काचेच्या खाली, वायपरच्या मुळाशी, जाळी असते. आमच्या अंगणातल्या गुलमोहराची पानं तिथे साठतात, पाणी जायची भोकं बुजतात, आणि ते पाणी आत गालिच्याखाली उतरतं. वास यायला लागला की समजावं. हाताने पानं काढायला पाच मिनिटं लागतात, गालिचा काढून वाळवायला गॅरेजवाल्याने दोन दिवस लावले होते. कोकणात राहणाऱ्यांनी याच वेळी टॉर्च घेऊन गाडीच्या पोटाखालीही पाहावं. खारी हवा पत्रा खालून खाते, वरचा रंग चकचकीत असताना.

उंदरांवर मी डांबराच्या गोळ्या, तंबाखूची पुडी, सगळं करून पाहिलं. खरा उपाय एकच सापडला : गाडी दर दोन-तीन दिवसांनी हलवणं. बॅटरीलाही त्याचा फायदा होतो.

पायरी ६ : टाकी ते टाकी

टाकी पूर्ण भरा, किलोमीटर लिहा. पुढच्या वेळी पुन्हा पूर्ण भरा, लिटर लिहा, भागाकार करा. असं तीनदा केलं की तुमच्या गाडीचा खरा आकडा कळतो. माझी गाडी १६ देते. मध्ये एकदा ती १३ वर आली. वर्षाला सात हजार किलोमीटर धरले, तर १६ ला ४३७ लिटर लागतात, १३ ला ५३८. शंभर लिटर जास्त, म्हणजे आजच्या भावाने दहा हजारांच्या वर. कुठल्याही बिलावर न दिसणारा खर्च! कारण निघालं मागच्या चाकाचा धरून बसलेला ब्रेक. काम किरकोळ पैशांत झालं.

सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, आणि त्याने जुन्या गाडीचं अ‍ॅव्हरेज थोडं उतरतं. ते गृहीत धरा. पण सगळं खापर इथेनॉलवर फोडून मोकळं होऊ नका. आधी हवा, एअर फिल्टर आणि ब्रेक पाहा. आणि जुन्या गाडीच्या पेट्रोलच्या रबरी नळ्या वर्षातून एकदा तपासून घ्या. पेट्रोलचा वास आला तर वर्षाची वाट पाहायची नाही.

पायरी ७ : गॅरेजचा निर्णय घरी घ्या

लिफ्टवर चढलेली गाडी खालून पाहत असताना माणूस काहीही कबूल करतो. मिस्त्री चाक हलवून दाखवतो, ‘ताई, हे बघा, किती प्ले आहे,’ आणि आपण मान डोलावतो. म्हणून जाण्याआधी वहीत लिहा : कुठला आवाज, कधी येतो. खड्ड्यात ‘कट कट’ येतो की वळताना, ब्रेक दाबल्यावर येतो की सोडल्यावर. मिस्त्रीला निदान सांगू नका, लक्षण सांगा. मी एकदा ‘शॉकअप गेलेत’ असं ठामपणे सांगितलं, त्याने ते मुकाट्याने बदलले, आणि आवाज आपल्या जागी राहिला. तो लिंक रॉडचा होता. दोष त्याला देता येईना.

एस्टिमेट लिहून घ्या, पार्ट आणि मजुरी वेगळी. तिथे ‘हो’ म्हणू नका, ‘संध्याकाळी फोन करते’ म्हणा. घरी वहीत पाहा : हे काम मागे कधी, किती किलोमीटरवर झालं होतं? वीस हजार किलोमीटरमध्ये क्लच पुन्हा गेला असेल, तर क्लच बदलण्याआधी कारण विचारा. कदाचित क्लचवर पाय ठेवून चालवायची आपलीच सवय असेल. आणि बदललेले जुने पार्ट परत मागा. भांडणासाठी नाही, बघण्यासाठी.

दुकानात प्रश्न येतो : ‘कंपनीचा देऊ की लोकल?’ मधली एक तऱ्हा असते ती विचारा. गाडीच्या कंपनीला माल पुरवणारे कारखाने तोच माल स्वतःच्या नावानेही विकतात : गॅब्रिएलचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, बॉशचे प्लग, ल्युमॅक्सचे दिवे. बऱ्याचदा ते कंपनीच्या खोक्यापेक्षा स्वस्त पडतात. पुण्याला जाणं झालं की मी नाना पेठेतून आणते आणि गॅरेजला फक्त मजुरी देते. काही मिस्त्रींना हे खपत नाही, त्यांना आधी विचारावं. वायपर, पायपुसणी, आरसा लोकल चालेल. ब्रेक, बॉल जॉइंट, टाय रॉड, टायमिंग बेल्ट यांत लोकल घेऊन वाचवलेले पाचशे रुपये मला तरी पचणार नाहीत.

आता जोडकामं. जुन्या गाडीत पार्टपेक्षा उघडण्याची मजुरी जड असते, म्हणून एकदा उघडलं की त्या वाटेवरचं सगळं आटपायचं. क्लचसाठी गिअरबॉक्स खाली उतरतो. त्याच वेळी प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही बदला, आणि इंजिनाचं मागचं ऑइल सील पाझरत असेल तर तेही. टायमिंग बेल्ट बदलताना टेन्शनर बदला, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही. तुमच्या गाडीला बेल्ट आहे की चेन, हे आजच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. चेनला ठरावीक मुदत नसते, बेल्टला असते, आणि कित्येक इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. मग काही हजारांचं काम इंजिन उघडण्यापर्यंत जातं. सस्पेन्शनचं काम झालं की अलाइनमेंट करूनच घरी या, नाहीतर नवे टायर एका बाजूने खाल्ले जातात.

जोडकाम आणि ‘आता उघडलंच आहे तर’ यांत फरक आहे. सस्पेन्शनसाठी गेलेल्या गाडीला सीटकव्हर लागत नाही.

पायरी ८ : विमा दरवर्षी नव्याने ठरवा

थर्ड पार्टी कायद्याने हवाच. हजार सी.सी.पर्यंतच्या खासगी गाडीला जून २०२२ च्या दराने २,०९४ रुपये, हजार ते पंधराशेला ३,४१६, वर जीएसटी. प्रश्न आपल्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा. दहा वर्षांवरच्या गाडीला दावा करताना धातूच्या पार्टवर ५० टक्के घट धरतात, प्लॅस्टिक आणि रबरावरही ५०. शिवाय दावा केला की नो क्लेम बोनस जातो, जो वाढत ५० टक्क्यांपर्यंत गेलेला असतो. मागच्या बंपरच्या चार-पाच हजारांसाठी दावा करणं म्हणूनच अंगाशी येतं.

मी बाराव्या वर्षी फुल विमा सोडला. सांगलीतल्या माझ्या बहिणीने सोडला नाही आणि ती बरोबर आहे. २०१९ आणि २०२१ चं पाणी ज्यांनी पाहिलं, त्यांनी थर्ड पार्टीवर राहू नये. त्यात पुराचं, आगीचं, चोरीचं काही मिळत नाही. पाण्यात बुडालेली गाडी चालू करून पाहू नका, टो करून न्या. इंजिनात पाणी असताना सेल मारला तर आतलं नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही. आणि विमा सोडायचा तर ठरवून सोडा. पॉलिसी संपून ९० दिवस गेले की साठवलेला बोनस बुडतो.

पायरी ९ : पंधरावं वर्ष

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. माझी जून २०२७ ला संपते. संपण्याआधी साठ दिवसांपासून फॉर्म २५ भरता येतो, गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागते, पास झाली की पाच वर्षं मिळतात. कारची ही फी १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये आहे, आणि उशीर झाला तर महिन्याला ५०० वर. शिवाय राज्याचा पर्यावरण कर, ज्याला आरटीओच्या आवारात सगळे ग्रीन टॅक्स म्हणतात. भरण्याआधी दोन्हींचे चालू दर परिवहनवर पाहून घ्या, बदलत राहतात.

जायच्या आधी दिवे, हॉर्न, हँडब्रेक, सीटबेल्ट पाहा. चॅसिस नंबर कुठे आहे ते शोधून त्यावरचा गंज साफ करा. पेन्सिलने छाप घेताना नंबर उठला नाही की सगळा दिवस जातो. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी एचएसआरपी पाटी लागते, कारला ७४५ रुपये आणि जीएसटी. पीयूसीची मुदत भारत स्टेज चार आणि पुढच्या गाडीला वर्षाची, आधीच्या गाडीला सहा महिन्यांची.

पायरी १० : मोठं काम निघालं तर

चाळीस हजारांचं एस्टिमेट आलं. सगळे म्हणतात, ‘दीड लाखाच्या गाडीला चाळीस हजार?’ हा भागाकार चुकीच्या आकड्याने केला आहे. दीड लाखात नवी गाडी येत नाही. आठ लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता १२,८७१ रुपये पडतो, आणि सात वर्षांत व्याजच २,८१,००० च्या वर जातं. आठ लाखांच्या पेट्रोल गाडीवर राज्याचा ११ टक्के कर म्हणजे आणखी ८८,०००. चाळीस हजार म्हणजे नव्या गाडीचे तीन हप्ते. प्रश्न एवढाच : या कामानंतर गाडी तीन महिन्यांहून जास्त निर्धोक चालेल का?

उत्तर देण्याआधी तीन गोष्टी दुसऱ्या गॅरेजला तपासून घ्या, काम करणाऱ्या गॅरेजला नको. चॅसिसचा गंज, इंजिनाचं कॉम्प्रेशन, आणि चढावर एक्झॉस्टमधून निळा धूर येतो का. तिन्ही ठीक असतील तर खुशाल खर्च करा. गंज सांध्यांपर्यंत गेला असेल तर एक रुपयाही घालू नका, बाकी गाडी कितीही गोड चालत असो.

एक गोष्ट मात्र वहीत बसत नाही. २०१२ च्या माझ्या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही. मी गावात, मंडईत, फार तर कासपर्यंत जाते, म्हणून मला चालतं. मुलगा रोज खंबाटकी घाट ओलांडून नोकरीला जायचा म्हणाला, तेव्हा त्याला ही गाडी दिली नाही. वहीतला आकडा तेव्हाही २५,३०० च होता.

पायरी ११ : निरोप

विकायची असेल तर फॉर्म २९ आणि ३० वर सही करून थांबू नका, आरसीवर नवं नाव चढेपर्यंत पाठपुरावा करा. भंगारात द्यायची तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच. तिथे ठेव प्रमाणपत्र मिळतं, ते नव्या गाडीच्या करात सवलतीसाठी चालतं. रस्त्याकडेच्या भंगारवाल्याने दोन हजार जास्त दिले तरी गाडी कागदावर तुमचीच राहते. फुल विमा असेल तर बोनसचं पत्र मागून घ्या. फास्टॅग बंद करा, नाहीतर दुसऱ्याच्या कोल्हापूर वारीचा टोल तुमच्या खात्यातून जाईल.

वही घेणाऱ्याला दाखवा. व्यवस्थित नोंदी पाहून माणूस घासाघीस कमी करतो, असा माझा अंदाज आहे. वेळ आली की कळेल. द्यायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी झेरॉक्स देणार आहे.